जपून ठेवलंय!

परदेशात गेल्यावर पहिले चार दिवस माणूस जे पाहतो ते डोळ्यांनी पाहतच नाही. तो गुणाकार करत असतो. लंडनच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या मला चहाची तल्लफ आली. पाटीवरचा आकडा वाचला, सोपं पडावं म्हणून शंभरानं गुणला (खरा भाव शंभराच्या वर आहे, पण वरचे धरले तर माणूस चहाच काय, पाणीदेखील प्यायचा नाही) आणि तल्लफ गेली. आमची ही त्या वेळी काचेतून आभाळाकडे पाहत होती. संध्याकाळचे आठ वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

"अहो," ती म्हणाली, "इथे दिव्याची वेळ कधी होते हो?"

हा प्रश्न पुढे आठवडाभर आमच्या मागे होता. जून महिन्यात लंडनचा सूर्य सव्वानऊ वाजून गेल्याशिवाय मावळायचं नाव घेत नाही. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायचा आणि मग पानं घ्यायची, हा हिचा लग्नापासूनचा नेम. लेकीच्या हाउन्स्लोच्या घरी सात वाजता जेवणं उरकलेली असतात. म्हणजे जेवण आधी आणि तिन्हीसांज नंतर! पहिल्या दिवशी हिनं घड्याळाकडे न बघता दिवा लावला, उदबत्ती लावली, आणि छताला चिकटवलेलं धूर हुंगणारं यंत्र असं काही कोकललं की शेजारचे गोरे गृहस्थ बागेतली कात्री हातात घेऊन कुंपणापाशी आले. जावईबापूंनी खुर्चीवर चढून ते यंत्र गप्प केलं आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, "आई, उदबत्ती आपण अंगणात लावू या का?"

पोटातलं घड्याळ पुण्याचंच चालू होतं. पहाटे तीनला टक्क जाग यायची. तीन महिने राहायचं होतं आणि पहिल्या तीन दिवसांतच मला असं वाटायला लागलं होतं, की आपण इथे रात्रपाळीला आलो आहोत.

लेकीनं आमच्यासाठी पहिल्या आठवड्याचा तक्ता केला होता. रोज एक ठिकाण, जास्त नाही. राजवाड्यासमोरची पहारा बदलण्याची कवाईत पाहिली. तासभर माणसांच्या पाठी पाहिल्या, आणि मधून मधून त्या पाठींच्या वर हलणाऱ्या केसाळ टोप्या पाहिल्या. मी बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे. चार्ज देण्या-घेण्याचा इतका डामडौल आमच्या खात्यात असता तर कुणी बदलीला कुरकुरलं नसतं. भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू घाईवाल्यांना सोडायची, हे तिसऱ्या दिवशी जमलं. तोपर्यंत मला पाठीमागून जितकं "सॉरी" ऐकायला मिळालं तितकं उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. पुण्यात ज्याला "ओ काका, सरका" म्हणतात त्याला तिथे "सॉरी" म्हणतात.

चौथ्या दिवशी टॉवर ऑफ लंडन. तिकिटाचा आकडा इथे लिहीत नाही. गुणाकार माझा मीच केला आणि गिळला. आत राजघराण्याचे मुकुट ठेवले आहेत, आणि त्यांतल्या एकात, 1937 साली राणीसाठी घडवलेल्या मुकुटात, कोहिनूर आहे. आता हा हिरा उभं राहून पाहता येत नाही. मुकुटांच्या कपाटासमोर सरकता पट्टा आहे. आपण त्यावर पाय ठेवायचा, पट्टा आपल्याला नेतो, आणि "हा कोणता?" असं म्हणेपर्यंत आपण पलीकडे पोचलेले असतो.

"पंढरपूरला बडवेसुद्धा इतकं ढकलत नव्हते," ही म्हणाली.

आम्ही तीनदा त्या पट्ट्यावरून गेलो. तिसऱ्या खेपेला माझ्या अंगात एकदम देशाभिमान संचारला. "हा आपला!" मी जरा मोठ्यानंच म्हणालो. आमच्या पुढे एक सरदारजी होते, त्यांनी वळून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की 'आपला' या शब्दात पुण्याचा वाटा नेमका किती, असा प्रश्न मलाच पडला. 1739 साली नादिरशहानं तो दिल्लीहून नेला, पुढे तो अफगाणांकडे गेला, 1813 मध्ये रणजितसिंहांनी शाह शुजाकडून घेतला, आणि 1849 मध्ये दहा वर्षांच्या दुलीपसिंहाकडून कंपनी सरकारनं तहात लिहून घेतला. 1852 मध्ये इथे आणून घासला. एकशे शहाऐंशी कॅरटचा एकशे पाच झाला. पाकिस्ताननंही 1976 मध्ये तो मागितला होता. म्हणजे पट्ट्यावर एका वेळी उभ्या असलेल्या माणसांत निदान चार तरी वारसदार निघतील, आणि पट्टा सगळ्यांना सारख्याच वेगानं बाहेर नेऊन सोडतो.

तरी पण चोरी ती चोरी. हाउन्स्लोला पोचेपर्यंत मी लेकीला ते ऐकवलं. डब्यातल्या माणसांना मराठी कळत नव्हतं म्हणून मला मोकळेपणानं बोलता आलं. ही खिडकीबाहेर पाहत होती. ही गप्प असते तेव्हा ती माझ्याशी सहमत असते, असा माझा जुना समज आहे.

पाचव्या दिवशी ब्रिटिश म्युझियम. इथे प्रवेश फुकट आहे. शंभरानं गुणलं तरी शून्यच येतं म्हटल्यावर माझं मन प्रथमच पाहण्याकडे लागलं. 1753 साली स्थापन झालेली ही संस्था, आणि तिच्यात जगातल्या झाडून साऱ्या देशांचं सामान. इजिप्तची ती प्रसिद्ध रोझेटा शिळा दारातून आत शिरताच डावीकडे. ती फ्रेंचांना 1799 मध्ये सापडली, आणि इंग्रजांनी 1801 मध्ये फ्रेंचांचा पराभव करून घेतली. ज्याची होती तो इजिप्तवाला या व्यवहारात कुठेच नाही! पुढे ग्रीकांचं दालन. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं लॉर्ड एल्गिन यांनी उतरवून आणली आणि 1816 मध्ये पार्लमेंटनं पस्तीस हजार पौंडांना विकत घेतली. एल्गिनसाहेबांपाशी परवानगीचं पत्र होतं म्हणतात. पण ते ग्रीकांचं नव्हे, त्या काळी ग्रीसवर राज्य करणाऱ्या तुर्कांचं, आणि आज त्याची मूळ प्रत नाही, इटालियन भाषांतर तेवढं आहे. आमच्या खात्यात असा कागद घेऊन कुणी आलं असतं तर मी त्याला सातबाराचा उतारा आणायला परत पाठवला असता.

तिथेच एक दगडी बाई उभी आहे. डोक्यावर खांबाचा भार घेतलेली, केसांच्या वेण्या पाठीवर सोडलेली. अथेन्समध्ये एका देवळाचं छप्पर अशा सहा जणींनी मिळून पेललं होतं. पाच जणी तिकडे, तिथल्या संग्रहालयात. ही एकटी इकडे. आमची ही तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. "सासरी आल्यासारखी दिसते," एवढंच म्हणाली.

मी मात्र रंगात आलो होतो. लेकीला म्हटलं, "यांची सगळी कारणं मला पाठ आहेत. एक, आम्ही नेलं नसतं तर नष्ट झालं असतं. दुसरं, इथे जगातलं कुणीही येऊन फुकट पाहू शकतं. तिसरं, द्यायची इच्छा पुष्कळ आहे हो, पण काय करणार, 1963 चा कायदाच असा आहे की विश्वस्तांना वस्तू देता येत नाही. कायदा कुणी केला? यांनीच! आणि अगदीच कुणी गळ्याशी आलं तर चौथं, उसनं नेतो म्हणा. आपली वाघनखं आठव. 2024 साली साताऱ्याला आली ती दुसऱ्या एका म्युझियमकडून तीन वर्षांच्या बोलीवर. आपल्याच घरी पाहुणी म्हणून!" (ती वाघनखं महाराजांचीच का, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण मी भाषणात होतो, आणि भाषणात तळटीपा नसतात.)

लेक म्हणाली, "बाबा, हळू."

मग आम्ही हिंदुस्थानच्या दालनात गेलो. त्याच्या एका टोकाला काचेआड अमरावतीच्या स्तूपाच्या शिळा आहेत. शंभराहून अधिक. फिकट, किंचित हिरवट झाक असलेला दगड. त्याला संगमरवर म्हणायची रीत पडली असली तरी तो खरा चुनखडीचा दगड आहे. त्यावर माणसं, हत्ती, वेली, रिकामं सिंहासन, आणि इतकी बारीक कलाकुसर की दगडाला जाग येईल की काय असं वाटावं. अमरावती म्हणजे आपली वऱ्हाडातली नव्हे, आंध्रातली. पाटी वाचता वाचता लेक म्हणाली, "आई, हे कृष्णेकाठचं आहे."

आम्ही वाईचे. आमचा वाडा गणपती आळीत, परसदारातून घाट दिसायचा. महाबळेश्वराहून उतरलेली कृष्णा आमच्या घाटावरून पुढे सातारा, कऱ्हाड, सांगली करत कर्नाटकातून आंध्रात जाते आणि समुद्राला मिळण्याआधी या अमरावतीवरून जाते, हे मला भूगोलात ठाऊक होतं. मनात ठाऊक नव्हतं. आमच्या घाटावर बायकांनी सोडलेले दिवे पुढे कुठे जातात, याचा विचार आम्ही पहिल्या वळणापर्यंतच केलेला.

एका शिळेवर बुद्धाची पावलं कोरलेली आहेत. नुसती पावलं; तळव्यावर चक्र. आमच्या हिनं ती पाहिली, इकडेतिकडे पाहिलं, पायांतले बूट काढले (हे बूट लेकीनं खास या सहलीसाठी घेऊन दिले होते, आणि त्यांच्या नाड्या सोडवायला दोन मिनिटं लागतात), आणि काचेला हात जोडून उभी राहिली. कोपऱ्यातला पहारेकरी पुढे आला. मला वाटलं, आता काहीतरी नियम निघणार. त्यानं ओणवं होऊन हिचे बूट उचलले आणि कुणाच्या पायांत येऊ नयेत म्हणून भिंतीशी नीट जोडून ठेवले.

बुटांच्या नाड्या बांधता बांधता ही मला म्हणाली, "अहो, आपला लामणदिवा."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आता हा लामणदिवा काय, ते सांगायला हवं. आमच्या वाईच्या देवघरात तो टांगलेला असायचा. आजीच्याही आधीचा, पितळी, लांब साखळीचा. रोज तिन्हीसांजेला त्यात तेल घालायचं काम घरातल्या थोरल्या सुनेकडे. आईनंतर ते वहिनींकडे आलं. 1994 साली वाडा विकला. दादा आणि वहिनी वाईतच दोन खोल्यांत राहायला गेले, आणि सामानाच्या त्या धांदलीत मी दिवा उतरवून पुण्याला आणला. "जपून ठेवतो," म्हणालो. दादा काही बोलला नाही. तो कधीच काही बोलायचा नाही. तेव्हापासून लामणदिवा आमच्या दिवाणखान्यात आहे. कोपऱ्यात छताला भक्कम हूक मारून घेतला, वर लहानसा विजेचा दिवा सोडला, त्याचा प्रकाश बरोबर पितळेवर पडतो. पाहुणे आले की विचारतात, आणि मी पेशवाईपासून सुरुवात करतो. साखळीच्या टोकाला एक मोर होता, तो आता नाही. "काळाच्या ओघात गेला," असं मी सांगतो. पाहुण्यांना ते आवडतं. तेल त्यात तीसएक वर्षांत पडलेलं नाही. गालिचा खराब होतो.

दादा गेल्यानंतर वहिनींनी एकदा विचारलं होतं. मागितला म्हणता येणार नाही, विचारलं होतं. "भाऊजी, तो दिवा आहे ना हो अजून?" मी म्हटलं, "आहे म्हणजे काय, चकाचक आहे! तुमच्याकडे तो टांगणार कुठे? गळकं छप्पर, बाहेर उघडी गॅलरी, चोऱ्यामाऱ्या. इथे कसा सुरक्षित आहे. तुम्हाला वाटेल तेव्हा या, बघा. घर तुमचंच आहे." वहिनी "बरं बरं" म्हणाल्या होत्या.

म्युझियमच्या बाहेरच्या पायऱ्यांवर बसून आम्ही हिनं आणलेल्या पोळीभाजीच्या गुंडाळ्या सोडल्या. गुंडाळी खाता खाता मला जाणवलं, की मी इंग्रजांची बाजू मांडतो आहे. "हे बघ, सरसकट चोरी म्हणता येणार नाही. अमरावतीला गावकरी त्या शिळा बांधकामाला नेत होते, काही तर चुन्यासाठी भट्टीत भाजल्या. 1845 मध्ये एलियटसाहेबांनी खोदून काढल्या नसत्या तर आज आपण काय पाहिलं असतं? ज्यानं जपली, त्याचाही काही हक्क आहे की नाही?"

"आहे की," ही म्हणाली. "त्यांनी काळजी घेतलीच."

"मग?"

"पण गेल्या वर्षी वहिनी आल्या होत्या तेव्हा दिव्याखाली बसल्या होत्या. तुम्ही पाहुण्यांना पेशवाई सांगत होतात. त्यांना हसू आलं होतं. मी पाहिलं."

"त्यात हसण्यासारखं काय?"

"ते त्यांना विचारा."

लेक मध्ये पडली. तिनं सांगितलं, की 2023 साली याच म्युझियमच्या कोठारातून सुमारे दोन हजार लहानसहान वस्तू गहाळ झाल्याचं, चोरीला गेल्याचं किंवा मोडतोड झाल्याचं उघडकीला आलं आणि संचालकांना पायउतार व्हावं लागलं. तेव्हा 'आमच्याकडे सुरक्षित' हे पहिलं कारण तर तेव्हाच लंगडं झालं. मी म्हटलं, आपल्याकडे काही गहाळ झालेलं नाही. ही म्हणाली, "कोथरूडचं घर बदललं तेव्हा साखळीच्या दोन कड्या हरवल्या. तुम्ही वायरनं जोडल्यात." हे खरं होतं. ती वायर सोनेरी रंगाची आहे, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

मग मी तडजोडीची भाषा केली. म्हटलं, दिवाळीपुरता देऊ या वहिनींना. नेऊ दे, चार दिवस लावू दे, तुळशीच्या लग्नानंतर परत आणू. ही माझ्याकडे पाहून हसायला लागली. आधी मला कळेना का. मग लेकही हसायला लागली. मग तासाभरापूर्वीचं माझं वाघनखांवरचं भाषण मला आठवलं, आणि गुंडाळीतली मिरची नेमकी त्याच वेळी लागली.

संध्याकाळी कुणी तो विषय काढला नाही. सव्वानऊ वाजता ऊन उतरल्यावर हिनं अंगणात पणती लावली. शेजारचे गोरे गृहस्थ कुंपणापलीकडून म्हणाले, "फार सुंदर!" आणि आता त्यांच्या हातात कात्री नव्हती.

पहाटे तीनला नेहमीप्रमाणे टक्क जाग आली. पडल्या पडल्या हिशेब केला: वाईला साडेसात झाले असणार. वहिनींची पूजा चालू असेल. स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून घेऊन फोन लावला. एकदा वाजला, दोनदा वाजला. मला वाटलं, नाही उचलला तर बरं. उचलला.

"कोण, भाऊजी? इतक्या लवकर? सगळं ठीक ना?" आधी प्रकृती झाली, मग विमानातलं जेवण झालं, मग नातीची परीक्षा झाली. मी कृष्णेकाठच्या शिळांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगोबाई, इतक्या लांब?" आणि थोडं थांबून, "पण बरी ठेवलीत ना?"

"बरी ठेवलीत," मी म्हटलं. मग घसा खाकरला. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाशी बोलताना इतकं खाकरायचं कारण नव्हतं. "वहिनी, आम्ही सप्टेंबरात परत येतोय. तेव्हा तो लामणदिवा घेऊन येईन म्हणतो. तुमच्याकडे. ठेवायलाच."

पलीकडे काही आवाज नाही. मला वाटलं, फोन कापला.

"हूक लागेल भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "देवापुढे वाशाला एक खिळा आहे, पण तो वजन पेलायचा नाही. आणि येताना ती तुमची वायर काढून आणा. मोर माझ्याकडे आहे, त्याच्या बरोबर दोन कड्याही आहेत, जास्तीच्या."

"मोर तुमच्याकडे आहे?"

"पेटीत आहे. तुम्ही दिवा उतरवायला शिडी आणायला गेलात ना, तेव्हा काढून घेतला होता. म्हटलं, राहू दे काहीतरी." आणि मग, पूजेच्या घंटेचा आवाज यावा तसं काहीतरी किणकिणलं. त्या हसत होत्या की ताम्हन सरकवत होत्या, ते इतक्या लांबून कळलं नाही. "पेशवाईतला म्हणे! सासऱ्यांनी पाचवडच्या बाजारातून आणला होता. मी होते की सोबत."

फोन ठेवला तेव्हा पावणेचार झाले होते आणि खिडकीबाहेर उजाडायला लागलं होतं. या देशात रात्र म्हणून काही नसतेच. दार उघडलं तर ही समोर उभी. कधीची उभी होती कोण जाणे. तिनं काही विचारलं नाही. गॅसवर चहाचं आधण ठेवलं, साखर शोधली, आणि मग म्हणाली,

"कोपरा अगदी भुंडा दिसेल नाही? काल त्या म्युझियमच्या दुकानात एक छान चित्र होतं. फ्रेमसकट तीस पौंड."

मी मनातल्या मनात शंभरानं गुणायला लागलो.